मेणबत्त्या विझल्यावर गावानं काय करायचं?

प्रश्न जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातल्या एका शिक्षकांचा आहे. थोडक्यात असा: "ताई, आमच्या गावातले एकोणीस जण एप्रिल २०२५ मध्ये काश्मीरला गेले होते. २१ तारखेला ते पहलगामजवळ बैसरनच्या पठारावर होते आणि २२ ला तिथंच अतिरेक्यांचा गोळीबार झाला. आमचे सगळे सुखरूप आले. गावानं मेणबत्ती मोर्चा काढला, सगळ्या समाजाची माणसं आली. आता महिना उलटून गेला. त्यांच्यातली नऊ वर्षांची एक मुलगी लग्नातले फटाके वाजले की अजून पलंगाखाली जाऊन बसते. तिचे वडील कुणाशी बोलत नाहीत. गावाच्या ग्रुपवर मात्र मुसलमान फेरीवाल्यांना गावात शिरू देऊ नका असे मेसेज फिरताहेत. एवढंच काय, दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बांगड्या भरायला येणारी मन्यारीण चाचीसुद्धा यंदा आली नाही. आमची एकजूट मोर्चापुरतीच होती का? आम्ही काय करावं?"

सर, मी एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक म्हणून काढली. हे पद असतं हेच बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. डॉक्टर पेशंट बघतात, आम्ही पेशंटच्या मागचं घर बघतो. औषधाचे पैसे कुठून आणायचे, बेवारस माणूस कोण आहे, मयताची बातमी आईला कुणी आणि कशी सांगायची, ही आमची कामं. मी काही पुढारी नाही आणि मानसोपचारतज्ज्ञही नाही. कॅज्युअल्टीच्या दाराशी उभं राहून जे दिसलं, त्यावरून बोलते आहे.

मोर्चाला नावं ठेवू नका. पहिल्या दोन दिवसांत माणसाला घरात बसवत नाही. चार माणसांत जाऊन उभं राहिलं की छाती जरा हलकी होते. काश्मीरमध्येही दुसऱ्या दिवशी लोकांनी आपणहून बंद पाळला, मशिदींतून निषेधाच्या हाका दिल्या गेल्या, तिथल्या वर्तमानपत्रांनी पहिली पानं काळी छापली. मेलेल्या २६ जणांत पर्यटकांना वाचवायला धावलेला तिथलाच एक घोडेवाला तरुण होता. तेव्हा रस्त्यावर उतरण्याला किंमत आहेच. पण तुमच्या गावात एकजूट आहे की नाही, हे मोर्चाच्या फोटोवरून सांगता येत नाही. मी वेगळंच विचारेन: मोर्चात तुमच्या शेजारून जो चालला, त्याचा नंबर तुमच्या मोबाइलमध्ये २२ एप्रिलच्या आधीपासून होता का?

हे का विचारते, ते सांगते.

८ सप्टेंबर २००६. शुक्रवार, त्यात शब-ए-बारात. जुम्म्याला मालेगावचे माग बंद असतात, सगळं गाव नमाजाला. हमीदिया मशीद, बडा कब्रस्तान आणि मुशावरत चौक इथं दुपारी स्फोट झाले. सायकलींवर बॉम्ब ठेवलेले होते. तीसहून जास्त माणसं गेली, त्यांत कब्रस्तानाच्या दाराशी खैरात मागायला बसलेली पोरंही होती. मालेगाव जिल्ह्यानं नाशिकचं, पण आमच्या धुळ्याहून आर्वी ओलांडलं, झोडगं ओलांडलं की आलंच. मुलीबाळी दिल्या-घेतल्या आहेत, मागाचा धंदा दोन्हीकडे आहे, आणि त्या पट्ट्यातल्या खेड्यांतून बोली आमचीच अहिराणी. जखमी नाशिकला हलवले तसे धुळ्यालाही आले.

अनंत चतुर्दशी होऊन दोनच दिवस झाले होते. संध्याकाळी दवाखान्याच्या आवारात एका गणेश मंडळाची पोरं येऊन उभी राहिली, रक्त द्यायला. चाळीसेक तरी असतील. आमचा रक्तपेढीवाला खूश होण्याऐवजी डोक्याला हात लावून बसला. कारण यांतल्या निम्म्यांनी गणपतीतच मंडळाच्या शिबिरात रक्त दिलेलं. दोन रक्तदानांमध्ये पुरुषाला तीन महिने जाऊ द्यावे लागतात. एक पोरगा सरळ खोटं बोलला, "मी दिलंच नाही." रक्तपेढीवाल्यानं त्याची बाही वर केली, तर कोपराच्या आत सुईचा डाग अजून हिरवा-पिवळा.

मग या परत पाठवायच्या वीस जणांचं काय करायचं? मी त्यांना कामाला लावलं. दोघं स्ट्रेचरला. दोघं एसटीडी बूथवर, नातेवाइकांचे निरोप द्यायला. एक वही घेऊन माझ्याबरोबर: कोण आला, कुठल्या वॉर्डात, सोबत कोण. बाकीच्यांना सांगितलं, बाहेर जी माणसं बसली आहेत त्यांच्याजवळ एकेकानं बसायचं, काही विचारायचं नाही, चहा-पाणी बघायचं. चौकड्याची लुंगी नेसलेले एक आजोबा नातवाची वाट बघत होते. नातू थिएटरमध्ये होता. त्यांच्याशेजारी जो पोरगा बसवला, त्याच्या नखांत आणि कानाच्या मागे विसर्जनाचा गुलाल होता. दोन दिवसांत गुलाल काही निघत नाही. आजोबांनी तो बघितला, मीही त्यांना तो बघताना बघितलं आणि मला धस्स झालं. २००१ च्या मालेगावच्या दंगलीला तेव्हा पाचच वर्षं झाली होती. पोराला काही कळलंच नाही. तो आपला म्हणाला, "बाबा, चहा ल्या. मी आठेच शे." (चहा घ्या, मी इथंच आहे.) आजोबांनी कप घेतला. रात्री दोनला मी पुन्हा फेरी मारली, तेव्हा आजोबा त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले होते आणि पोराचा हात अवघडला होता तरी तो हलत नव्हता.

पुढं पेपरांत एकतेचं दर्शन वगैरे छापून आलं. खरंही होतं ते, मालेगावात संताप पोलिसांवर निघाला पण हिंदू-मुसलमान पेटलं नाही. पण त्या रात्री आमच्या आवारात एकता हा शब्द कुणीच उच्चारला नाही. ती पोरं एवढ्या लवकर जमली कशी, तर मंडळाची यादी खिशात होती, शिबिरामुळे रक्तपेढीवाला ओळखीचा होता आणि मंडळाचा लायटिंगवाला मुसलमान होता. त्यानंच आधी फोन केला होता. अशा वेळी नवीन काही उभं राहत नाही, आधीपासून जे असतं तेच कामाला येतं. (रक्ताबद्दल एक आगाऊ सूचना: बातमी ऐकल्या ऐकल्या शंभर जणांनी धावू नये. रक्त ३५ दिवसांच्या आसपास टिकतं, प्लेटलेट पाचच दिवस. यादी करा, गट लिहा, रक्तपेढी म्हणेल तसे दहा-दहा जण जा.)

या सगळ्याला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढं जाणं बरोबर नाही. त्या स्फोटांच्या प्रकरणात नऊ मुसलमानांना अटक झाली आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये कोर्टानं त्यांना दोषमुक्त केलं. म्हणजे माणसंही ज्या समाजाची गेली आणि दहा वर्षं संशयाखालीही तोच राहिला. एकजुटीचं बोलताना हे गिळून टाकलं, तर समोरचा मान डोलावतो आणि मनातून उठून जातो.

आता तुमच्या गावाकडे येते. आधी ती मुलगी.

धक्का बसल्यावर झोप उडणं, दचकणं, आईला चिकटणं, पुन्हा पुन्हा तेच खेळणं हे पहिले काही आठवडे चालतं आणि बहुतेकांचं आपोआप निवळतं. महिना होऊनही कमी होत नसेल, वाढतच असेल, तर मात्र दाखवायचं. तुमची मुलगी आता त्या हद्दीवर आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथं न्या. लगेच जाणं होत नसेल तर १४४१६ ला फोन लावा. टेलिमानस म्हणतात, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. तोवर घरात एवढं करा: हल्ल्याचे व्हिडिओ तिच्यासमोर बंद. वरात कधी येणार ते आधी विचारून ठेवा आणि तिला सांगा, "आता पाच मिनिटांनी फटाके वाजतील, मी इथंच आहे." अचानक येणाऱ्या आवाजाची भीती वाटते, सांगून आलेल्याची तेवढी वाटत नाही. ७ मे ला देशभर नागरी संरक्षणासाठी सायरनचा सराव झाला, त्या यादीत आपल्या भुसावळचंही नाव होतं. टीव्हीवर दिवसभर भोंगे वाजत होते. त्या दिवशी कुणी तिला आधी सांगितलं होतं का? मला शंका आहे.

आणि तिला "सांग ना काय बघितलंस" असं कुणीही विचारायचं नाही. आत्या नाही, मामा नाही, पत्रकार तर मुळीच नाही. तिनं आपणहून काढलं तर ऐकायचं, मध्ये तोडायचं नाही. ही चूक मी स्वतः केलेली आहे. एका प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं की लोकांना पहिल्या चार दिवसांत गोल बसवून सगळं बोलतं करायचं. मी उत्साहानं तसं केलं. एक बाई सांगता सांगता थरथरायला लागली आणि नंतर कितीतरी दिवस आमच्या खोलीच्या दारावरूनसुद्धा जाईना. पुढं जागतिक आरोग्य संघटनेनंही सांगितलं की असं जबरदस्तीनं बोलतं करण्यानं फायदा होत नाही. त्यांचं २०११ चं मानसिक प्रथमोपचाराचं सूत्र तीन शब्दांत मावतं: बघा, ऐका, जोडून द्या. कुणाला काय हवंय ते बघा, सांगेल तेवढं ऐका, आणि ज्याच्याकडून मदत मिळेल त्याच्याशी गाठ घालून द्या. आमच्या त्या मंडळाच्या पोरांनी यातलं काही न शिकता तेच केलं होतं. मी मात्र शिकून उलटं केलं.

वडिलांचं मला जास्त वाटतं. माझा अंदाज सांगते, चुकला तर सोडून द्या. ते परत आल्यावर गावानं हारतुरे केले असतील. "मोठ्या हिमतीचे", "देवानं वाचवलं", "नशीबवान". आता नशीबवान माणसानं रात्री झोप येत नाही हे कुणाला सांगायचं? त्यांच्या मनात बहुतेक एकच फिरत असेल: एक दिवस इकडेतिकडे झाला असता तर. आणि त्याच्या पोटात दुसरं: आपण वाचलो, ते डोंबिवलीचे, पुण्याचे, पनवेलचे नाही वाचले. हे तोंडावर आणायची माणसाला लाज वाटते.

हिमतीचं कौतुक करताना आपण माणसाचं तोंड बंद करतो, हे मला फार उशिरा कळलं. एका गावात अतिरेक्यांशी लढताना गेलेल्या जवानाची आई होती. गावानं वेशीवर कमान उभारली, दर २६ जानेवारीला तिला मंचावर बसवायचे. ती माझ्याकडे बीपीसाठी यायची. एकदा म्हणाली, "लोकं म्हनतस रडू नको, तुना पोऱ्या गावनं नाव करी गया. मंग मी रडू कोठे, माय?" मला उत्तर सुचलं नाही. मी फक्त दार लावून घेतलं आणि ती अर्धा तास रडली. तिच्यासाठी गावानं खूप केलं होतं, पण तिच्या ओट्यावर नुसतं येऊन बसणारं कुणी नव्हतं. पहलगामनंतर काय झालं तेही आठवा. नवरा गेलेल्या एका तरुण मुलीनं सांगितलं की मुसलमानांवर, काश्मिरींवर राग काढू नका, आम्हाला शांतता आणि न्याय हवा. तर आठ दिवस जिला वीरपत्नी म्हणत होते, तिलाच लोकांनी शिव्या घातल्या. आपण ठरवून दिलेली हिंमत तिनं दाखवली नाही, एवढाच तिचा गुन्हा.

म्हणून वडिलांकडे शिष्टमंडळ नेऊ नका. त्यांच्या वयाचा, शक्यतो शेतातला सोबती, एकट्यानं जाऊ दे. विषय काढायचाच नाही. विहिरीच्या मोटारीवर जायचं, केळीला पाणी द्यायचं, बांधावर डबा खायचा. आठवड्यातून दोनदा, महिनाभर. दारू वाढली असेल, गाडी चालवताना हात कापत असतील, "मी कशाला वाचलो" असं तोंडून निघालं, तर त्याच दिवशी डॉक्टर. ते बाकीचे सतरा जणही विसरू नका. सगळ्यांचं सारखं नसतं, एखाद्याला सहा महिन्यांनी त्रास सुरू होतो.

तुमच्या गावात कुणी गेलं नाही, म्हणून कागदपत्रांचं लांबवत नाही. ज्या घरात माणूस जातो, तिथं मात्र गावातल्या एका शहाण्या माणसानं त्या घराची कागदांची पिशवी सांभाळायला घ्यावी: मृत्यू दाखला, एफआयआर, पोस्टमार्टेमची नक्कल, बँक, वारस. अतिरेकी हल्ल्यातल्या नागरिकांसाठी केंद्राची २००८ पासून योजना आहे, सध्या ५ लाखांची, अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. विधवा बाईला आठ टेबलं हिंडायला लावून वर सभेत तिचा सत्कार करायचा, ही आमच्याकडची जुनी रीत आहे. असो.

राहिला ग्रुप.

अफवेनं माणसं मरतात हे तुमच्या जिल्ह्याला यंदा कुणी वेगळं सांगायला नको. २२ जानेवारीला पाचोऱ्याजवळ, माहेजी आणि परधाडेच्या मध्ये, पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली. साखळी ओढली, लोक बाजूच्या रुळावर उतरले आणि समोरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. डझनभर माणसं गेली, आणि आग नव्हतीच. पंचक्रोशीतले लोक मदतीला धावले, ते वेगळं. तर मेसेज पुढं ढकलणाऱ्याला मी एवढंच विचारते: बाबा, तू साखळी ओढतोयस, खाली रूळ आहे का ते बघितलंस?

पण हे ग्रुपवर विचारायचं नाही. ग्रुपवर वाद घातला की त्याला पन्नास प्रेक्षक मिळतात आणि मग त्याला माघार घेता येत नाही. अ‍ॅडमिननं मेसेज काढावा, वर काही लिहू नये, आणि संध्याकाळी त्या पोराच्या घरी जावं. बहुतेक वेळा तो पोरगा दुष्ट नसतो, रिकामा असतो. त्याला काम द्या. आमच्या गुलालवाल्या पोरांतला एक जण आदल्या वर्षी अशाच भानगडीत पोलीस ठाण्यात बसून आलेला होता. त्या रात्री त्याच्या हातात वही होती म्हणून तो माझ्या बाजूला होता, नाहीतर कुठं असता सांगवत नाही. नंतर दोन महिने त्यालाही झोप नव्हती. मदतीला धावणाऱ्यांचंही नंतर कुणीतरी बघावं लागतं, ते मी तेव्हा बघितलं नाही.

तुमची तंटामुक्त समिती असेलच, २००७ च्या मोहिमेत गावोगाव झाल्या. बऱ्याच ठिकाणी आता ती फलकापुरती उरली आहे. तिच्यात पोलीस पाटील आहेत, दोन्ही समाजांची माणसं आहेत का बघा, नसतील तर घ्या. तुमच्या यावल-रावेरच्या बाजूला तडवी समाज आहे, आदिवासी आणि मुसलमानही, त्यांच्यातली जुनी माणसं अशा वेळी फार उपयोगी पडतात, त्यांचं दोन्हीकडे जाणं-येणं असतं. बहिष्काराची भाषा करणाऱ्या बागायतदाराला हिशोबातही विचारा: तुमचा केळीचा घड कापणारी टोळी कुणाची, गाडी भरणारे कोण, ट्रकवर ड्रायव्हर कोण आणि तो माल उत्तरेत, पार जम्मूपर्यंत, कोण खातं? प्रेमानं ऐकणारे थोडे असतात, हिशोब सगळ्यांना कळतो. हे बोलणं काहींना कोरडं वाटेल, पण धुळ्यात राहून मी शिकले ते हेच. २०१३ च्या जानेवारीत आमच्याकडे हॉटेलातल्या बिलावरून भांडण सुरू झालं आणि पोलीस गोळीबारात सहा जण गेले. त्यानंतर शहर परत जोडलं गेलं ते भाषणांनी नव्हे. आधी भाजीबाजार उघडला, मग रिक्षा, मग शाळा, आणि मग कुठं लोक एकमेकांच्या लग्नाला जायला लागले.

आता आखाजीचं. यंदा आखाजी ३० एप्रिलला होती, हल्ल्यानंतर आठच दिवसांनी. माहेरवाशिणी आल्या असतील, झोके बांधले असतील, घरोघर पितरांच्या नावानं घागरी भरल्या असतील. ती मुलगी झोक्यावर बसली होती का, हे तिच्या आजीला विचारा. डॉक्टरांना सांगायला ते फार कामाचं ठरेल, कारण ती काय बोलते यापेक्षा कुठं जायचं टाळते, त्यावरून जास्त कळतं.

आणि चाची. तुम्ही तिचं नाव प्रश्नात सहज, जाता जाता घेतलं आहे. ती घाबरली म्हणून आली नाही, की कुणी तिला सांगितलं म्हणून, हे आधी काढा. तुमच्या गावातल्या कुठल्या तरी सुनेकडे तिचा नंबर असणारच. मोर्चाच्या आयोजकांनी नव्हे, तिच्याकडून वर्षानुवर्षं बांगड्या भरणाऱ्या बाईनं फोन करावा, आणि अहिराणीतच बोलावं. कानबाईला, श्रावणातल्या आपल्या सणाला, अजून दोन महिने आहेत, तेव्हा बांगड्या लागतीलच. पहिल्या खेपेला ती स्टँडवर उतरेल तेव्हा दोघी-तिघींनी घ्यायला जावं, आणि तिची पेटी त्या मुलीच्या ओट्यावर उघडावी.